भिमाजीला कळलेला मुका सिनेमा

तिसगावच्या भागूबाईला कुणी म्हटलं, ‘‘बाई, तुझ्या नशिबी बहिरा नवरा आला,’’ की तिचं डोकंच फिरायचं. नशिबी कसला? तिनं मागून घेतला होता! बघायला गावातलेच दोघं आले होते. सूर्यभान रेडिओ घेऊन आला आणि जाईपर्यंत स्वतःचंच कौतुक सांगत बसला. भिमाजीला ना ऐकू येई, ना बोलता येई. त्यानं उठून तिच्या डोक्यावरचा हंडा तेवढा उतरवला. झालं, बाईनं बापाला सांगून टाकलं.

गाव काय, बोलतच असतं. पण लोक हसले की भिमाजी मान खाली घाली. हिला आता पस्तावा होत असेल असं त्यालाही वाटतं की काय, हेच तिला आतून खात होतं.

बहात्तर साली बाजारतळावर तंबूतला सिनेमा आला. बाप्ये एकीकडं, बाया दुसरीकडं, मधे दोरी. ही दोघं दोरीला चिकटून बसायची. भागूबाई खुणांनी त्याला गोष्ट सांगे आणि मागच्यांची बोलणी खाई.

एका दिवशी आवाजाचा भोंगाच बिघडला. लोक खवळले, तसं मालकानं कुठलंसं जुनं मुकं रीळ लावलं. रुंद टोप्यांचे दोन गोरे गुराखी आणि दोघांनाही हवी असलेली एकच पोरगी. मधेच इंग्रजी अक्षरं येत. ती वाचतंय कोण! भागूबाईला काही उमगेना. आणि भिमाजी? तो सगळ्यांच्या आधी हसला! एक गडी घोड्यावरून दाणकन हौदात पडला, दुसऱ्यानं त्याचीच फुलं पळवून पोरीला दिली. भिमाजी हातवारे करून सांगू लागला आणि सगळे त्याच्याकडंच बघू लागले. खुद्द सूर्यभान त्याचा खांदा हलवत होता, ‘‘आरं, फुडं काय?’’ घ्या! भागूबाईचे डोळे भरून आले. देवा, भोंगा बिघडवलास, लई उपकार झाले तुझे, ती मनात म्हणाली.

शेवटी पोरीनं एकाचा हात धरला. भिमाजीचे हात थांबले. त्यानं सूर्यभानकडं बोट केलं, मग स्वतःकडं, आणि भागूबाईकडं बघून तळवा उलटा केला. आज निवडायचं झालं तर कोण? एवढ्या संसारात त्यानं हे कधी विचारलं नव्हतं.

भागूबाई उठली. त्याच्या छातीवर बोट टेकवलं आणि गावालाही ऐकू जावं म्हणून खणखणीत ओरडली, ‘‘ह्योच! धा येळा इचारा, ह्योच!’’

भिमाजीनं ते बोट घट्ट धरलं आणि सगळ्या गावादेखत हसत हसत रडला.