घरच्या सामानाची बिस्किटं

आमच्या घरी बाहेरचं गोड येत नाही, हे मी आयुष्यभर छाती फुगवून सांगत आले. लग्न होऊन अमरावतीला आले, दोन लेकरं झाली, तेव्हापासूनचा हा माझा तोरा. दुकानातलं पुड्याचं बिस्कीट म्हणजे विष आणि भट्टीवरून भाजून आणलेलं बिस्कीट म्हणजे टॉनिक, असा त्या काळच्या माझ्या डोक्याचा हिशोब होता. डोकं म्हणायचं आपलं, तेवढं काही त्यात नव्हतं.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. परीक्षा संपल्या की आमच्याकडे बायका घरून सामान घेऊन बेकरीच्या भट्टीवर जातात. कणीक किंवा मैदा, दळलेली साखर, तूप, दूध, विलायची, सगळं आपलं. भट्टीवाला फक्त मळून, साच्यातून काढून, भाजून देतो आणि मजुरी घेतो. मी तर तिथे स्टूल टाकून बसायची. आपल्या तुपाच्या जागी तो डालडा घालेल की काय, म्हणून त्याच्या हातावरची नजर हलवायची नाही. एकदा तो वैतागून म्हणाला, "बाई, तुमीच मळून घ्या ना, मी तिकडं बसून पायतो." मी खरंच पदर खोचला होता. सोबतच्या बायकांनी ओढून खाली बसवलं.

मग पत्र्याचा पिपा भरून बिस्किटं घरी. त्या वयातली ती मी, लेकरांना सकाळी दुधात चार, शाळेतून आल्यावर चार, ताप आला तर सहा द्यायची. पोरगी गोल झाली तर शेजारणींना म्हणायची, "पाय, कशी अंगानं भरली!" पोराचे दात किडले तर दोष पेस्टचा. आज ती बाई समोर आली तर मी तिचा कान धरीन. ती मात्र ऐकायची नाही. तिच्या हातात पिपा असेल ना.

लेकरं मोठी झाली, घरातून गेली. पिपा राहिला आणि आमचे हे राहिले. यांना साखरेचा आजार होऊन बरीच वर्षं झाली. चहा बिनसाखरेचा झाला, श्रीखंड बंद झालं, संक्रांतीला तिळगूळ नुसता जिभेला लावायचा. सगळं मी कडक पाळलं. फक्त त्या फिक्क्या चहात बुडवायला बिस्किटं लागत. सकाळी चार, दुपारी चार. ती घरची होती. आणि मागच्या उन्हाळ्यात मी साखर काढून गूळ घातला होता, कणीकही गव्हाचीच. म्हणजे औषधच झालं की!

मग यांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. एका डोळ्याने आधीच कमी दिसायचं, आता दुसराही धुरकट. पेपर नाकाला लावून वाचायचे, एकदा ताक समजून वरणभातावर दूध ओतून घेतलं. ऑपरेशन लेकीकडे अकोल्याला करायचं ठरलं, पण तिथले डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, आधी साखर खाली आणा, तोवर हात लावणार नाही. महिनाभराने गेलो, परत पाठवलं. पुन्हा गेलो, पुन्हा परत. बसमध्ये हे खिडकीकडे तोंड करून बसायचे. बाहेरचं काही दिसत नाही, हे मला माहीत होतं.

अमरावतीच्या आमच्या डॉक्टरांनी शेवटी समोर बसवून विचारलं, "काकाजी, खरं सांगा. बाहेरचं काही खाता? बिस्किटं, खारी, टोस्ट?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बाहेरचं? आमच्या घरात? नाव नका काढू डॉक्टरसाहेब."

मी खोटं बोलले नाही. शपथ घ्यायला सांगितली असती तर मी घेतली असती.

डॉक्टर गोंधळले. एवढं पथ्य पाळूनही साखर उतरत नाही, म्हणून त्यांनी गोळ्या वाढवल्या. लेक म्हणाली, ऑपरेशनच्या आधी पंधरा दिवस बाबांना माझ्याकडे राहू द्या, मी नीट बघते. "आणि आई, खायचं काही पाठवू नको, इथं सगळं आहे." मी गोळ्या बांधून दिल्या, कपडे दिले. पिपा घरीच राहिला.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास लेकीचा फोन. "आई, बाबाले घाम फुटून राह्यला. हात थरथरतात. काही बोलतात ते समजत नाही."

फोनवरच तिने शेजारच्या नर्सबाईंना हाक मारलेली ऐकली. त्या बाईंनी बोटाला सुई टोचून पाहिलं. साखर इतकी खाली गेली होती की त्या ओरडल्याच, "साखर द्या! पाण्यात साखर घालून पाजा, लवकर!"

मी इकडे फोन धरून उभी. वर्षभर जी साखर उतरावी म्हणून देव पाण्यात घातले, ती उतरली तर माणूस चालला. आणि परत आणायला साखरच! मला काही म्हणजे काही कळेना.

हे शुद्धीवर आले. दुपारच्या गाडीने मी अकोल्याला पोचले. लेक दारातच उभी. "आई, अमरावतीला बाबा काय खात होते?"

"काही नाही. बिनसाखरेचा चहा."

पलंगावरून हे म्हणाले, "अन् बिस्किटं."

"ती घरची आहेत," मी म्हटलं.

"किती?"

"आठ," हे म्हणाले. "पावणे आले का बारा."

लेकीने कपाळाला हात लावला. गोळ्या आठ बिस्किटांच्या हिशोबाने वाढल्या होत्या, बिस्किटं मात्र अमरावतीला राहिली, हे तिने मला तीनदा समजावलं. पहिल्यांदा मी भांडले, गूळ होता म्हणून. दुसऱ्यांदा रडले. तिसऱ्यांदा कळल्यासारखं केलं.

अमरावतीच्या डॉक्टरांना फोन करून मीच सगळं सांगितलं. कणीक, गूळ, तूप, सकाळी चार, दुपारी चार. मग ते म्हणाले, "काकू, हे आधी का नाही सांगितलं?" मी म्हटलं, "तुमी बाहेरचं इचारलं." गोळ्या कमी झाल्या, बिस्किटं बंद झाली, साखर जागेवर आली आणि यांचा डोळा झाला. पट्टी काढल्यावर माझ्याकडे नीट पाहून म्हणाले, "काहून वं, इतकी म्हातारी कधी झाली?"

आता डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, चक्कर आली, घाम आला तर लगेच गोड द्या, पण आधी मशीनवर तपासा. त्यामुळे माझी पंचाईत झाली आहे. परवा दुपारी हे खुर्चीत मागे रेलले. "मले चक्कर येऊन राह्यली. काहीतरी गोड दे."

तोंडाकडे पाहिलं. खरं की नाटक, चाळीस वर्षं संसार करूनही ओळखता येईना. हात गार होते, पण पंखाही जोरात होता. सुई टोचली. साखर व्यवस्थित.

"मशीन बिघडली हाये," हे म्हणाले. "तुह्या बोटाले टोचून पाय, मंग समजन."

मी मशीन पिशवीत घातली आणि पिशवी कपाटात ठेवली. चक्कर तर मलाही येते अधूनमधून. ती कशाने येते, ते मी अजून कोणाला विचारलेलं नाही.