जाईल तिथला पाहुणा

या पृथ्वीवरची सगळी ठिकाणं पाहण्यासाठी नसून कुणाच्या तरी घरी पाणी पिण्यासाठी निर्माण झालेली आहेत, असं मनापासून मानणारा मनुष्य माझ्या पाहण्यात एकच आला आणि तो नेमका माझा साडू निघाला. ते वयानं मोठे, म्हणून मी त्यांना भाऊ म्हणतो; ते मला साडभाऊ म्हणतात. माझ्या बायकोची थोरली बहीण त्यांना दिलेली आहे. तिला सगळं घर बाई म्हणतं, मीही म्हणतो. भाऊंची उभी नोकरी कागद कारखान्याला लागणारा बांबू जंगलातून बाहेर काढण्यात गेली. आज एटापल्ली, उद्या भामरागड, परवा पार सिरोंचा. त्या काळी तिकडं लॉज नव्हते, खानावळी नव्हत्या. दिवस मावळेल त्या गावी कुणाच्या तरी अंगणात खाट टाकून पडायचं, एवढीच सोय. माणसाला हळूहळू अशी सवय लागते आणि मग ती सोय न राहता स्वभाव होतो. भाऊंना नमस्कारापुरती गोंडी येते, दुसऱ्यांदा भात मागण्यापुरती तेलुगू येते, आणि जिथं या दोन्ही चालत नाहीत तिथं ते सावकाश, मोठ्यानं आणि हसतमुखानं मराठी बोलतात. ती आजवर सगळ्यांना समजलेली आहे.

लग्न झाल्यावर पहिल्यांदा फिरायला म्हणून त्यांनी बाईंना मार्कंड्याला नेलं. देऊळ एवढं प्रसिद्ध, त्यावरची शिल्पं पाहायला लांबून लोक येतात. पण फटफटीवरून उतरल्यावर भाऊंना वैनगंगेच्या काठी जाळं वाळत घालणारा एक ढिवर दिसला. "राम राम जी, कोणती मासळी लागून राह्यली?" एवढं विचारायचा अवकाश, दोघं त्याच्या घरी. नवी नवरी नवं लुगडं खोचून त्याच्या बायकोबरोबर मासे साफ करत बसली. सूर्य मावळला तशी दोघं परत फिरली. देवळाचा कळस बाईंनी पाहिला, पण जाताना, मागं वळून. ताडोब्याचंही तेच. आमच्याकडं घरचा पाहुणा आला की त्याला वाघ दाखवायला नेतात. भाऊ बाईंना घेऊन फाटकापर्यंत गेले आणि फाटकाबाहेरच्या गावात जेवून आले. "वाघ दिसला का?" असं मी विचारलं तेव्हा भाऊंनी एका म्हातारीच्या गुडघेदुखीची हकीकत सांगितली, आणि शेवटी म्हणाले, "वाघ काय, तो आपल्याले थोडाच बस म्हणणार हाय?"

रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जाऊ नये, म्हणून त्यांच्या पिशवीत नेहमी मोहाचे लाडू आणि बुरडाकडून करून घेतलेल्या लहान लहान सुपल्या असत. पण या व्यवहाराला दुसरी बाजू होती, आणि ती भाऊंच्या बल्लारपूरच्या घरी, स्वयंपाकघरात उभी असे. ज्यांच्या घरी भाऊ पाणी प्यायले ते सगळे कधी ना कधी बल्लारपूरला येत. कुणाला दवाखाना असे, कुणाच्या मुलाची परीक्षा असे, कुणाला रात्रीच्या गाडीनं पुढं जायचं असे. कुणी नुसताच, "इकडून चाल्लो होतो" म्हणून येई. बाई भाकरी थापत म्हणत, "ह्यायनं एका घरी पाणी पेलं का आपल्या घरी चार जणांचा सैपाक लागते." त्या हे हसून म्हणत. निदान आम्ही तरी तसं समजत होतो.

भाऊ निवृत्त झाले. त्यानंतर एका दुपारी बाईंनी माझ्या बायकोच्या फोनवर कुठली तरी चित्रफीत पाहिली. हिरव्यागार डोंगरातून एक निळी आगगाडी चाललेली, खाली दगडी कमानींचा उंच पूल, आणि खिडक्यांतून माणसं डोकी बाहेर काढून पाहतायत. बाईंनी ती पुन्हा लावायला सांगितली. मग पुन्हा. आणि म्हणाल्या, "मले ह्या गाडीत खिडकीजवळ बसाचं हाय."

गाडी श्रीलंकेतली होती. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं असं माझ्या बायकोचं म्हणणं पडलं, आणि तिनं ठरवलं की मग माझ्यापुढं फारसा पर्याय उरत नाही. भाऊंना विचारलं. त्यांनी थोडा विचार केला.

"तिकडं आपलं कोणी हाय का?"

"नाई."

"मंग जाऊ. होऊन जाईल कोणीतरी."

आम्ही चौघं गेलो. विमान ढगांतून उतरलं ते थेट कोलंबोला, आणि तिथून मोटारीनं आम्ही सरळ डोंगरांकडं निघालो. गाडीचा चालक सिंहली होता, कामापुरती हिंदी बोलणारा, मितभाषी. निदान सुरुवातीला. कँडीला बुद्धाच्या दाताचं मोठं मंदिर आहे. आम्ही कमळं घेऊन रांगेत उभे राहिलो आणि भाऊ कमळं विकणारीच्या शेजारी जाऊन बसले. आम्ही दर्शन घेऊन आलो तेव्हा तिचा नवरा भाऊंना पान लावून देत होता. कँडी सोडायच्या आत आम्ही चालकाच्या सासुरवाडीला जेवलो. फणसाची भाजी होती, नारळाच्या दुधातला भात होता, आणि वर काळा चहा. त्यात साखर नाही, गुळाचा खडा तळहातावर ठेवून चहाबरोबर चाटायचा. भाऊ हात चाटत म्हणाले, "पाह्य साडभाऊ, हे कोण्या पुस्तकात लिहून राह्यते का?" मला कबूल करावं लागलं की नाही. पण त्या जेवणापायी तिथली मोठी बाग पाहायची राहिली. पुढं घाटात एक धबधबा लागला, तो आम्ही मोटारीच्या काचेतून पाहिला, कारण भाऊ रस्त्याकडेच्या एका घरात शिरले होते आणि ते बाहेर येईपर्यंत धुकं उतरलं. चहाच्या कारखान्यात सगळे पर्यटक पानं कशी सुकवतात ते पाहत होते. भाऊ पहारेकऱ्याच्या खोलीत होते आणि आम्ही त्यांना शोधत होतो. बाई काही बोलत नव्हत्या. बाईंना बोलताना मी फारसं ऐकलेलं नसल्यामुळं त्यांचं न बोलणं माझ्या लक्षात आलं नाही. बायकोच्या आलं. "बाईचं काहीतरी बिनसलं हाय," ती मला म्हणाली. मी म्हणालो, थंडी असेल.

नुवारा एलियाला थंडी खरोखरच होती. तिथून सकाळी आम्ही नानू ओया नावाच्या लहानशा स्टेशनावर आलो. बाईंची ती निळी गाडी इथूनच पकडायची होती. सामान घेऊन मोटार रस्त्यानं पुढच्या मुक्कामाला, एलाला गेली, आम्ही फलाटावर थांबलो. गाडीला उशीर होता. स्टेशनाच्या वरच्या अंगाला चहाचे मळे होते आणि त्यांत मजुरांच्या घरांची एक लांबट ओळ. एका घरातून धूर निघत होता.

"मी पाणी पिऊन येतो," भाऊ म्हणाले. "गाडी आली का हाक मारजा."

बाई म्हणाल्या, "अजी, आज नका जाऊ."

"अवं आलोच ना मी!" म्हणत ते पायवाटेला लागलेसुद्धा.

अर्थात ते वर पोचायच्या सुमारास गाडी आली. बायकोनं "भाऊजी! भाऊजी!" अशा हाका मारल्या, त्या इंजिनाच्या आवाजात विरून गेल्या. भाऊंना फोन करण्यात अर्थ नव्हता, त्यांचा फोन नेहमी बाईंच्या पर्समध्ये असतो. मी पायवाटेकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं. बाईंनी शांतपणे पिशवी उचलली आणि त्या डब्यात चढल्या.

"बाई, अवं भाऊजी?" बायको ओरडली.

"येतील."

"कसे येतील?"

"पाहुणे म्हणून गेले ना? पाहुण्याले कोणी रस्त्यावर टाकत नाई. चढ तू."

अशा वेळी साडूचं कर्तव्य काय, हे कुठल्याही शास्त्रात सांगितलेलं नाही. माझा एक पाय फलाटावर आणि एक पायरीवर होता. गाडी हलली तेव्हा मी वरचा निवडला.

बाई खिडकीजवळ बसल्या. मग त्यांनी डोकं बाहेर काढलं, मग एक हातही. पदर वाऱ्यावर फडफडायला लागला, तो त्यांनी सावरला नाही. बाहेर चहाच्या रांगा होत्या, गाजरांचे वाफे होते, मधूनच ढग डब्यात शिरत होता आणि सगळ्यांची तोंडं ओली करून पलीकडच्या खिडकीतून निघून जात होता. पहिला बोगदा आला तसे डब्यातले सगळे प्रवासी गंमत म्हणून किंचाळले. त्यांत एक आवाज आमच्या बाकावरून आला. उजेड झाल्यावर पाहिलं तर बाई हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. माझी बायको बहिणीकडं बघत राहिली, आणि मीही.

बरीच स्टेशनं गेल्यावर बाई आत वळल्या. "ह्यायचं स्वेटर माह्या पिशवीतच राह्यलं," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळानं, "तिकडं थंडी लई हाय." मी उठून दाराशी गेलो आणि चालकाला फोन लावला. तो जवळजवळ एलाला पोचला होता. मी काय झालं ते सांगितलं. त्यानं लगेच गाडी मागं वळवली. त्याची सासुरवाडी भाऊंनी जिंकलेली होती.

दिवेलागणीला मोटार आमच्या मुक्कामापाशी आली. मला वाटलं होतं, भाऊ दोन नवे नातेवाईक आणि एखादा फणस घेऊन उतरतील. ते एकटेच उतरले. चालक मला बाजूला घेऊन म्हणाला, की साहेब कुणाच्या घरी नव्हते. स्टेशनच्या बाकावर बसलेले होते, नुसते. वाटेत जेवायला थांबू म्हटलं तर नको म्हणाले.

बाईंनी स्वेटर पुढं केलं. "जेवले का?"

"नाई."

"काऊन? पाहुणे होते ना?"

"त्या मळ्यातल्या घरच्या म्हातारीनं ताट वाढलं होतं," भाऊ म्हणाले. "मीच उठलो."

ते व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसले. त्यांना गोष्ट सांगायला कधी वेळ लागत नाही, त्या दिवशी लागला. म्हातारीनं त्यांना खुणेनं विचारलं होतं, एकटेच का? त्यांनी, बायको खाली आहे, हे दाखवायला अंगणातून बोट केलं, तर खाली गाडी चाललेली. वरून सगळी गाडी दिसत होती, एका वळणापासून दुसऱ्या वळणापर्यंत.

"तुह्या पदरावरून ओळखलं म्या," ते बाईंना म्हणाले. "अर्धी बाहेर होतीस तू. मले वाटलं मलेच शोधून राह्यली. म्या हात केला. पण तू मले नव्हती पाहत. डोंगर पाहून राह्यली होतीस." त्यांनी स्वेटरची बाही सरळ केली. "असं पाहताना म्या तुले कधी पाह्यलंच नव्हतं. मंग जेवण नाई गेलं."

बाईंनी आत जाऊन पिशवीतला उरलेला चिवडा एका बशीत आणला आणि त्यांच्यापुढं ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या कमानींच्या पुलाकडं गेलो. समोरच्या उतारावर झाडीत बसून लोक गाडीची वाट पाहत होते. बाई एका दगडावर बसल्या, भाऊ शेजारी. मागं एका टपरीवाल्यानं नारळ सोलता सोलता "या, बसा" अशी खूण केली. भाऊंनी त्याला हात जोडले आणि ते जागचे उठले नाहीत. वाट पाहणं त्यांना जमत नव्हतं हे दिसत होतं. ते पायांनी माती उकरत, मान खाजवत, पुन्हा पुलाकडं बघत. बऱ्याच वेळानं त्यांनी हळूच विचारलं, "पुलात पाहाचं काय असते?"

"काई नाई," बाई म्हणाल्या. "नुसतं पाहाचं."

गाडी आली, पुलावरून गेली. एवढ्याशा डब्यांतून एवढीशी डोकी बाहेर आली होती. तिचा आवाज झाडीत गेल्यावर भाऊंनी विचारलं, "आणखी काय पाहाचं हाय तुले?"

हा प्रश्न बाईंना कुणी कधी विचारलेला नसावा. त्यांनी खूप विचार केला. टपरीवाल्याचे दोन-तीन नारळ सोलून झाले. मग त्या म्हणाल्या, "समुद्र."

आणि आमच्या एकदम ध्यानात आलं, की आपण एका बेटावर येऊन इतके दिवस फिरतोय आणि चौघांपैकी एकानंही आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही. चंद्रपूर–गडचिरोलीच्या माणसाला पाणी म्हणजे तलाव नाही तर नदी. पलीकडचा काठ दिसतो आणि काठावरचं गावही दिसतं.

परतीच्या वाटेवर चालकानं आम्हाला डोंगरांतून खाली दक्षिणेच्या किनाऱ्यावर उतरवलं. दुपार कलली होती. माझी बायको चपला हातात घेऊन काठाकाठानं चालत राहिली. बाई पाण्यात शिरल्या, घोट्यापर्यंत, मग पोटऱ्यांपर्यंत. लाट मागं जाताना पायाखालची वाळू ओढून नेते हे त्यांना माहीत नव्हतं. त्या डगमगल्या तसे भाऊ पँट न दुमडता तसेच आत गेले आणि त्यांनी बाईंचं मनगट धरलं. सगळ्यांसमोर मनगट धरलेलं मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

मी वाळूत बसून दोघांच्या पाठी बघत होतो. त्यांच्यापुढं पाणीच पाणी होतं. त्या सगळ्या पाण्यात एकही घर नव्हतं, अंगण नव्हतं, बस म्हणणारं कुणी नव्हतं. मला वाटलं, आता भाऊ वळतील. मी मागच्या टपरीवर चहा सांगितला आणि हाक मारली. बाईंनी मागं पाहून, थांबा, अशी खूण केली. भाऊंनी मान वळवली नाही. चहा निवून गेला, तरी ते तसेच उभे होते.