मारोतीमामांचे पाच आठवडे

मारोतीमामा गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही आडवाटेनं. आष्टीजवळच्या एका वस्तीवर मी मेंढ्यांना लस टोचत होते. मेंढ्या धरून देणारा माणूस मूळचा मंठ्याकडचा. बोलता बोलता म्हणाला, "म्याडम, तुमचे मारोतीमामा गेले की परवा. मातीला दिसल्या न्हाईत तुम्ही?" मी म्हटलं, "मला कळलं नाही." त्याला ते खरं वाटलं नसावं. त्या भागात मला ओळखणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे की, मला जे काम येतं त्यातलं निम्मं मामांनी शिकवलेलं आहे. कळपातल्या चाळीसेक मेंढ्या उरल्या होत्या. त्या टोचून झाल्या, रिकाम्या बाटल्या पिशवीत भरल्या आणि मग मी गाडीत येऊन बसले. मला का कळवलं नसेल, याचा विचार करावा लागला नाही. कारण मला माहीत होतं.

सतरा वर्षांपूर्वी मंठ्याच्या पुढे दहा-बारा किलोमीटरवर एका गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात माझी पहिली नेमणूक झाली. मी पंचवीस वर्षांची, नुकती पदवी घेतलेली. मामा तिथलेच कर्मचारी, पन्नाशीचे; सगळा गाव त्यांना मामाच म्हणायचा. कागदावर त्यांचं पद व्रणोपचारक, म्हणजे जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, जनावर धरणं, एवढंच काम. प्रत्यक्षात आजूबाजूची दहा गावं त्यांच्याच भरवशावर होती. धनगराच्या घरातला माणूस, दहावीपर्यंतचं शिक्षण बापाच्या मेंढ्यांमागं फिरत केलेलं. पहिल्या दिवशी शेळी घेऊन आलेल्या एका आजोबांनी माझ्या टेबलासमोर उभं राहून मामांना विचारलं, "डॉक्टर कव्हा येणार?" मामांनी मान वर न करता सांगितलं, "आलेत की. तुमच्या म्होरं बसलेत." पुढची काही वर्षं हे उत्तर त्यांनी किती जणांना दिलं असेल, सांगता येत नाही. आवाज कधी चढला नाही की कंटाळलेला वाटला नाही.

दुसऱ्याच आठवड्यात एक पहिलारू कालवड अडली. वासराचे पुढचे पाय दिसत होते, तोंड दिसत नव्हतं. मी पायांना दोर बांधला आणि चार माणसांना ओढायला लावलं. कालवड ओरडत होती, वासरू हलत नव्हतं. मामा माझ्या कानाशी आले आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "ओढू नका म्याडम. आधी आत ढकला. मान मागं वळली हाये." मला राग आला आणि त्याच क्षणी हेही कळलं की ते बरोबर आहेत. खांद्यापर्यंत हात आत घालून मी वासराला मागे ढकललं, चाचपत चाचपत कान सापडला, मग डोळ्याची खोबण, मग नाकपुडी... पाऊण तासानं वासरू बाहेर आलं, जिवंत. मालक मामांच्या पायाशी वाकायला लागला. मामा मागे सरकले. "माझ्याकडं काहून? हात कुणाचा आत होता?" परत येताना त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून मी म्हटलं, "हे पुस्तकात होतं हो, मामा. मी वाचलं होतं." ते म्हणाले, "आसंल की. पण कालवड कुठं वाचून आल्ती?"

अशा गोष्टी त्यांनी पुष्कळ शिकवल्या. जनावराजवळ कुठल्या बाजूनं जावं, कान गार लागला तर काय समजावं, मालक काय लपवतो आहे ते कसं ओळखावं. पण त्यातली एक वेगळी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. एका बैलानं चाऱ्यातून तार खाल्ली होती आणि ती काळजापर्यंत पोचली होती. तो वाचणार नाही हे मला कळलं होतं. मालक वयस्कर होता, शेजारी त्याची बायको उभी होती. मी म्हटलं, "औषध देते. बघू, फरक पडेल." आम्ही निघालो. ओढ्याशी मामांनी गाडी थांबवली.

"वाचतो का बैल?"

"नाही."

"मंग सांगितलं काहून न्हाई?"

"त्यांना वाईट वाटलं असतं."

"ते तर वाटणारच हाये. आज वाटंल, न्हाईतर परवा. पण मधल्या दोन दिवसांत तो बैलापाशी बसंल, का तुमच्या दवाखान्याच्या चकरा मारंल?"

त्यांनी गाडी वळवली. सांगायचं कसं, तेही त्यांनी त्या वाटेवरच सांगितलं. उभ्यानं सांगायचं नाही, मालकाबरोबर जमिनीवर बसायचं. एकदाच सांगायचं, घोळवायचं नाही. आणि सांगून झालं की लगेच उठायचं नाही, प्यायला पाणी मागायचं. "त्या माणसाला उठून जायला काम लागतं कायतरी," ते म्हणाले. त्या दिवशी मी तसं केलं. म्हाताऱ्याची बायको पाणी आणायला आत गेली, ती बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिनं तोंड धुतलेलं होतं. तेव्हापासून आजपर्यंत मी असंच सांगत आले आहे.

मामा निवृत्त झाले, माझी बदली आष्टीला झाली. वर्षातून तीन-चार वेळा भेट व्हायची, अवघड काही आलं की फोन तर व्हायचाच. गेल्या दिवाळीनंतर त्यांचे डोळे पिवळे पडले. त्यांचा मुलगा दत्ता जालन्याला कारखान्यात आहे. त्यानं त्यांना तिथल्या दवाखान्यात दाखवलं आणि एके दुपारी फाईल घेऊन माझ्याकडे आला. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतापर्यंत गेलेला. मी वाचलं आणि फाईल मिटून त्याला परत दिली. दत्ता म्हणाला, "अप्पांना कावीळ म्हणून सांगितलंय. सलाईन म्हणून केमो द्यायलेत. तुम्ही कायबी बोलू नका म्याडम. मला शब्द द्या." मी शब्द दिला. मुलगा आहे, घरचा निर्णय आहे, असं मी स्वतःला सांगितलं.

संक्रांतीनंतर भेटायला गेले तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. मामा पुढच्या खोलीत खिडकीशी खाटेवर होते. अंगावरचं मांस उतरलेलं, नखंसुद्धा पिवळी. दत्ता औषधं आणायला मंठ्याला गेला होता, गयामामी आत चुलीशी होत्या. थोडं इकडचं तिकडचं झालं. मग ते म्हणाले, "म्याडम, कावीळ दोन-दोन महिने ऱ्हाती का?"

"कधी कधी राहते."

"माझ्याकडं पाहून बोला."

मी पाहिलं नाही.

"दत्त्याला इचारलं तर तो उठून जातो. हिला इचारलं तर रडती. फाईल तुम्ही पाह्यली आसंल. म्हणून तुम्हाला इचारून राह्यलो."

मी खुर्चीवरून उठले आणि खाटेजवळ जमिनीवर बसले. बसले तेव्हाच त्यांना कळलं असणार, कारण त्यांनी डोळे मिटले. मी सांगितलं. कावीळ नाही, कॅन्सर आहे, लिव्हरपर्यंत गेलाय, बरा होणार नाही. त्यांनी विचारलं, "किती?" मी म्हटलं, "ते सलाईन घेतलं तर चार-पाच महिने कदाचित. नाही घेतलं तर दोन... किंवा त्याहून कमी." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर काही नव्हतं, शेजाऱ्याची बांधलेली म्हैस होती. सांगून झाल्यावर पुढं काय करायचं असतं, ते मला आठवेना. शेवटी तेच म्हणाले, "पाणी मागायचं ऱ्हायलं तुमचं." आणि आत हाक दिली, "अगं, म्याडमला पाणी आण."

मी पाणी प्यायले. निघताना त्यांनी विचारलं, "दत्त्याला शब्द दिल्ता ना तुम्ही?" मी हो म्हटलं. "बराबर. त्याचं म्या पाहतो. तुम्ही आता जा, दवाखाना उघडा ठेवून आल्या आसाल." एवढाच आमचा निरोप. पायाला हात लावायचं माझ्या मनात होतं, पण त्यांना ते कधीच आवडलं नाही, म्हणून लावला नाही.

पुढच्या सलाईनला मामा गेले नाहीत. 'बिलकुल न्हाई' म्हणाले आणि घरीच राहिले. त्या रात्री दत्ताचा फोन आला. तो ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "तुम्ही जनावराच्या डॉक्टर. माझा बाप जनावर न्हवता." त्यानंतर त्यानं माझा फोन घेतला नाही. मी दोनदा त्या गावाकडे निघाले आणि दोनदा फाट्यावरून परत आले. दाराशी वाद झाला तर तो मामांना ऐकू जाईल, असं कारण मी स्वतःला दिलं. त्यात भीतीही होती, हे आज लिहायला हरकत नाही. सांगितल्यापासून पाच आठवड्यांनी मामा गेले.

तेराव्यानंतर मी गेले. दार दत्तानं उघडलं. डोकं भादरलेलं, दाढी वाढायला लागलेली. क्षणभर तो तसाच उभा राहिला, मग बाजूला झाला. "या. रागात कळवलं न्हाई," तो म्हणाला. "राग अजूनबी गेला न्हाई. दोन-तीन महिने आजून मिळाले आसते, आसं मला वाटतंच." मी म्हटलं, "मिळाले असते." त्याला बहुधा मी काहीतरी बाजू मांडीन असं वाटलं होतं. माझ्याकडे बाजू नव्हती. त्या सकाळी मी बरोबर वागले का, हे मला आजही ठामपणे सांगता येणार नाही. "मी रजा टाकून घरीच होतो पाच आठवडे," तो म्हणाला. "आमच्या दोघांचं आयुष्यात इतकं बोलणं झालं न्हवतं." मग म्हणाला, "आईला भेटा. ती तिथंच बसती."

गयामामी पुढच्या खोलीत होत्या. खाट काढलेली होती. खाट जिथं टेकायची त्या निळ्या भिंतीवर, जमिनीपासून हात-दोन हात उंचीवर, आडव्या माणसाचा हात पोचेल तेवढ्याच जागेत खडूनं शब्द लिहिलेले होते. मामांचं अक्षर मी दवाखान्याच्या नोंदवहीत आठ वर्षं पाहिलं होतं, लगेच ओळखलं. प्रत्येक शब्दाखाली तोच शब्द पुन्हा, मोठा, वाकडा, मधेच तुटलेला.

"तुम्ही सांगून गेल्या, त्याच्या दुसऱ्याच दिवशी खडू आणायला लावला," मामी म्हणाल्या. "म्हणले, जल्दी शिक. जिथं जायचं तिथं माझ्या मागं मागं गेलीस, आता एकटीला यष्टीत बसावं लागंल. गाडीची पाटी वाचता आली पायजे. रोज सकाळी बसवायचे. चुकलं का पुसायला लावायचे. मी म्हणलं, आता या वयात कशाला? तर म्हणले, म्या हाये तव्हर."

त्यांनी भिंतीवर बोट ठेवलं आणि वाचलं. जालना, दत्ताकडे जायला. राजूर, चतुर्थीला गणपतीला जायला. मंठा, बाजाराला. बोट सावकाश सरकत होतं आणि चुकत नव्हतं. सगळ्यात खाली एक शब्द होता. त्यातलं मामांचं अक्षर फारच उतरलेलं, खडू भिंतीवरून घसरलेला. त्याखालची जागा रिकामी होती.

तिथं बोट थांबलं. "आ..." मामी म्हणाल्या, आणि पुढे अडल्या. "हे तुमच्याकडं यायला म्हणून लिहिलं. पण ह्ये जोडलेलं अक्षर मला बसंना. दोनदा दाखवलं त्यायनं... मंग न्हाई जमलं त्यायला."

खडूचा तुकडा खिडकीत होता. मी तो घेतला, मामींच्या शेजारी जमिनीवर बसले आणि त्या रिकाम्या जागेत आधी अर्धा ष काढला, मग त्याला ट जोडला.