हिशेबात न धरलेलं मीठ

मंडळी, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही.

माझी भाची मुग्धा डोंबिवलीत एका कारखान्याचं सांडपाणी तपासते. जेवताना म्हणाली, "मावशी, हिशेबाप्रमाणे शिसं तळाशी बसलं, म्हणून वरचं पाणी सकाळीच खाडीत सोडलं."

"पाणी खारट होतं ना? हिशेबात मीठ धरलंस?" मी विचारलं.

"मिठाचा काय संबंध गं?"

कॉन्व्हेंटमध्ये रसायनशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या सिस्टर मायेनं समजावायच्या: मिठाच्या आयनांच्या गर्दीत शिशाला तळाशी बसायला लागणारा जोडीदार सहज भेटत नाही, मग बरंचसं पाण्यातच विरघळलेलं राहतं.

मुग्धानं अ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे या गर्दीत शिशाचा उरणारा खरा जोर, धरून पुन्हा गणित केलं. सोडलेल्या पाण्यातलं शिसं मर्यादेच्या वर गेलं. तिनं कारखान्याच्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "उद्या बघू."

आता ओहोटी लागलीय, लोक जाळी घेऊन खाडीत उतरतील. खाडीकाठी तुमचं कुणी राहतं का? आज कोलंबी धरू नका, एवढं त्यांना सांगाल?