लिस्बन ते अथेन्स, व्हाया गोठा

लिस्बनहून माद्रिदला सरळ रेल्वे नाही, हे मला कडेगावात भाकऱ्या थापताना कळलं. पिठाच्या डब्याला मोबाईल टेकवून मी वर्षभर युरोपातल्या गाड्या शोधत होते. आमचे हे फौजेत होते तोवर शेत, सासूबाईंचं आजारपण आणि गोठा मी सांभाळला. रिटायर झालो की तुला परदेश दाखवतो, असं हे दर सुट्टीत म्हणायचे. रिटायर झाले, तेव्हा म्हटलं, आता दाखवा.

टूरवाल्यांच्या बसमध्ये डोलत जायचं नव्हतं मला. लिस्बनपासून अथेन्सपर्यंत जमेल तितकं रेल्वेनं, रूळ नाहीत तिथं बस आणि इटलीतून ग्रीसला बोट, असा बेत मी आखला. गाडी कुठं बदलायची, आल्प्समध्ये चांगले डोंगर कुठल्या बाजूला दिसतात, सगळं बघून ठेवलं. मधेच वन्सं, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, म्हणाल्या, "मला कोन नेनार?" मग त्यांचंही तिकीट काढलं.

ह्यांना मी एकच गोष्ट विचारली होती, म्हैस कधी फळवून आणली, म्हणजे रेड्याकडं कधी नेली. म्हैस आटलेली असली तरच आमच्या घराला कुलूप लावता येतं. माझ्याशिवाय ती कुणाला धार काढू देत नाही. शेजारीण बसली तर लाथ घालते. हे म्हणाले, "दिवाळी झाल्यावर." म्हणजे ती गणपतीच्या पुढंमागं व्याली असती, म्हणून मी श्रावणातली तिकिटं काढली. फौजी माणूस, तारखेत चुकायचा नाही, असं मला वाटलं.

निघायच्या आठवड्यात म्हैस व्याली.

"दसऱ्याआधीच नेली हुती वाटतं," हे म्हणाले. एवढंच.

मी म्हटलं, विकून टाकू.

"ताजी व्यालेली म्हस कोन इकतं व्हय? लोक काय म्हनतील?"

"मग तुमी ऱ्हावा."

"मला धार देती का ती? तुला ठावं हाय की."

वन्सं तोवर बॅगेत चटणीच्या पुड्या भरत होत्या. जाणं पुढं ढकलू, असं दोघांपैकी एकाच्याही तोंडून निघालं नाही. मुक्या जनावरावर मी कशाला रागावू? राग आला तो ह्या दोघांचा, आणि तो अजून गेलेला नाही.

दोघं गेले. मग रोज फोन. "अगं, आता कुठल्या फलाटावर जायाचं?" गुडघ्यांत चरवी धरून, फोन खांद्यात दाबून मी गोठ्यातून सांगायची, जिना उतरा, डावीकडं वळा, पाटी बघा. एकदाही गाडी चुकली नाही त्यांची.

एका संध्याकाळी आल्प्समधून व्हिडिओ कॉल आला. माझ्या जागेवर वन्सं तोंड उघडं टाकून झोपल्या होत्या. ह्यांनी फोन खिडकीकडं वळवला.

"बघ, काय न्हाई हितं. नुसतं डोंगर. आपल्या पाटनसारखंच हाय. तुझं लय काय हुकलं न्हाई."

मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला. दोन तासांवरच्या पाटणलाही ह्यांनी मला कधी नेलेलं नाही.