आगाऊ कळवून केलेली जप्ती

अख्ख्या हैदराबादेत फोनवर आगाऊ कळवून जप्ती नेणारा माणूस एकच, आणि तो माझा मामा. स्वतःच्या घरात शिरतानाही तो दारात खोकायचा, आत कुणाची गैरसोय नको म्हणून.

बरकतपुऱ्यातल्या त्याच्या गच्चीवर नुसत्या सळ्या उभ्या होत्या. वरच्या खोलीचे पैसे त्याने मलकपेठेतल्या जुन्या दोस्ताला धंद्यासाठी दिले, आणि दोस्त बिऱ्हाडासकट सोलापूरला गेला. मामा इथल्या कोर्टात जिंकला. पण इथला हुकूमनामा परराज्यात बजावायचा तर तो आधी तिथल्या कोर्टाकडे जायला हवा, मग तिथला बेलिफ मिळणार. यात वर्षं गेली. मामी सळ्यांना दोरी बांधून लुगडी वाळत घालू लागली.

अखेर बेलिफ मिळाला. जप्तीची तारीख ठरली की मामा कोपऱ्यावरचा एसटीडी बूथ गाठायचा. “गुरुवारी बेलिफ घेऊन यायलो. घरीच रहा. आणि वहिनींना सांग, तिखट कमी.”

मामी कपाळाला हात लावायची. “अहो, चोराला सांगून कुणी धाड घालतं का?”

“नक्को गं. न सांगता कुणाच्या घरी कसं जावावं?”

दोनदा गेला. दोन्ही वेळा टीव्ही, फ्रिज, कपाट शेजाऱ्यांकडे पोचलेलं. मामा आणि बेलिफ रिकाम्या घरात ऐसपैस बसून शेंगाचटणी-भाकरी खाऊन परतले.

तिसऱ्या खेपेला दोस्ताने केबलचा धंदा काढला होता. घर नेहमीप्रमाणे धुतल्यासारखं साफ. पण छतावरची भलीमोठी डिश काही जिन्यातून उतरेना. बेलिफने वायर काढून तिलाच सील ठोकलं. संध्याकाळी साऱ्या गल्लीचे टीव्ही बंद पडले, आणि ज्यांनी फ्रिज लपवला होता तेच शेजारी दोस्ताच्या दारात भांडायला उभे राहिले. दुसऱ्या दिवशी सगळी रक्कम कोर्टात जमा!

खोली झाली. मामी खूश. मामाला मात्र करमेना. गुरुवार आला की उगाच बूथपर्यंत चक्कर मारायचा. शेवटी एकदा फोन लावलाच. “जप्ती नाही रे आता. सहजच यायलो.”

उस्मानिया बिस्किटं घेऊन गेला. दोस्ताने मिठी मारली, तिखट कमी घातलेली चटणीही तयार होती. फक्त टीव्ही आणि फ्रिज जागेवर नव्हते.

परत आल्यावर हे त्याने इतकं रंगवून सांगितलं की मामीला हसून ठसका लागला. मीही पोट धरून हसलो. आमचं हसू ओसरल्यावर मामा हातातल्या पिशवीची घडी घालत म्हणाला, “मी खरंच नुसता भेटायला गेलतो गं.”