नाव तेच, आजार दुसरा

शकुंतलाअक्का रक्त देऊन लगेच घरी जात नसत. कोपराशी कापूस दाबून धरलेला, पिशवी काखेत, अशा माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "झाली का स्लाइड? दाखव." मग चष्मा कपाळावर सरकवून मायक्रोस्कोपमध्ये डोळा घालायच्या. जळगावातल्या एका छोट्या रक्ततपासणी लॅबमध्ये मी तेव्हा नोकरीला होतो, अजूनही आहे. स्वतःचं रक्त बघायला मागणारा दुसरा पेशंट मला इतक्या वर्षांत भेटला नाही.

पहिल्यांदा त्या आल्या तेव्हा त्यांच्या पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या होत्या. रक्ताचा कॅन्सर, पण हळू चालणारा. रोज एक गोळी घ्यायची, दर तीन महिन्यांनी तपासणी करायची, एवढ्यावर माणूस वर्षानुवर्षं जगतो. त्यांच्या डॉक्टरांनी हे सांगितल्यावर अक्का मला अहिराणीत म्हणाल्या होत्या, "म्हणजे भाडेकरू शे म्हण. राहू दे."

त्या केळीच्या टिश्यू कल्चर लॅबमधून निवृत्त झालेल्या. केळीच्या एका कंदातून बाटल्यांमध्ये हजारो रोपं तयार करायची, हे तिथलं काम. सगळी रोपं एकसारखी यायला हवीत. त्यातलं एखादं ठेंगणं, एखादं पानावर फिकट पट्टे असलेलं, ते हेरून काढून टाकणं ही अक्कांची जबाबदारी. हाताखालच्या मुलींना त्या एकच गोष्ट शिकवायच्या आणि मलाही तीच ऐकवायच्या, "दिसतं ते आधी सांग. वाटतं ते नंतर."

पिंप्राळ्यात दोन खोल्यांत त्या एकट्या राहायच्या. लग्न केलं नाही. एकदा रिपोर्ट द्यायला मी घरी गेलो तर त्यांनी मला कपात चहा दिला आणि स्वतः पेल्यातून प्यायल्या. कप एकच होता. "दुसरा लागतच नाही," असं त्या सहज म्हणाल्या. टीव्ही होता, त्यावर कापड घातलेलं. दिवसभर काय करता, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण विचारलं नाही.

धुळ्याला त्यांचे थोरले भाऊ होते, नाना. एसटीत कंडक्टर होते. आई त्यांच्याकडेच वारली आणि अक्कांना कळवलं ते सगळं उरकल्यावर. तेव्हापासून अकरा वर्षं अक्कांनी धुळ्यात पाऊल टाकलं नव्हतं, आणि नानाही इकडे आले नव्हते.

सहा वर्षं आजार गप्प होता. मग एका तपासणीत बिघडलेल्या पेशींचा आकडा थोडा वर गेला, पुढच्या तपासणीत आणखी. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या चुकवताय का, अक्का?" त्या उठून घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी एक कापडी पिशवी घेऊन आल्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी केली. सहा वर्षांची गोळ्यांची रिकामी पाकिटं, महिन्यामहिन्याला रबर लावून बांधलेली. "बघा मोजून," म्हणाल्या. डॉक्टर उठून उभे राहिले आणि त्यांनी माफी मागितली. मग अक्कांचं रक्त मुंबईला पाठवलं, पेशींमध्ये नवा बदल झालाय का ते बघायला.

बदल झालेलाच होता. रिपोर्ट आला त्या दिवशी अक्कांनी मला सोबत यायला सांगितलं. डॉक्टरांनी नीट समजावलं. सुरुवातीला एकच पेशी बिघडते आणि तिच्यापासून बाकीच्या तयार होतात. वाढता वाढता एखादीच्या गुणसूत्रात आणखी एक बारीक फरक पडतो. गोळी इतर पेशींना मारते, हिला मात्र ती धरू शकत नाही. बाकीच्या मेल्या की हिलाच रान मोकळं मिळतं.

अक्कांनी रिपोर्टची घडी घातली. "आमच्याकडे पण होतं असं," त्या म्हणाल्या. "एकाच कंदातून फेरीवर फेरी काढत राहिलं की वेगळी रोपं निघायला लागतात. म्हणून ठरावीक फेऱ्यांनंतर आम्ही ते सगळं फेकायचो आणि नवा कंद आणायचो."

"तेच करायचं आहे," डॉक्टर म्हणाले. दुसरी गोळी सुरू करू, ती काही काळ आजार दाबून ठेवेल. तेवढ्या अवधीत दुसऱ्या कुणाच्या, रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी शरीरात घालायच्या. सख्ख्या भावाच्या जुळल्या तर उत्तम.

बाहेर आल्यावर बाकावर बसून अक्का म्हणाल्या, "नाव तेच ठेवलंय, पण आजार दुसराच आहे हा. मला वाटायचं, माझ्या घरात काहीच बदलत नाही." मी रिक्षा आणून दिली. त्या एकट्याच गेल्या.

नवी गोळी लागू पडली. आकडा झपाट्याने खाली आला, आणि खाली आला म्हणूनच अक्कांनी धुळ्याचा विषय टाळला. दर भेटीला डॉक्टर विचारायचे, भावाला कळवलं का? "कळवते," अक्का म्हणायच्या. असे चार महिने गेले. मग एका शनिवारी त्या लॅबमध्ये आल्या आणि मान खाली घालून म्हणाल्या, "उद्या येतोस का माझ्यासोबत? मला एकटीनं ते दार वाजवता येणार नाही."

आम्ही बसने धुळ्याला गेलो. दार नानांनीच उघडलं. पांढरी बनियन, हातात वर्तमानपत्र. ते तसेच उभे राहिले. "शकू?" म्हणाले, आणि मग, "तू येशी आसं वाटनंच नही माले." अक्का उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, "काम शे, म्हनीसन उनी." म्हणजे काम होतं म्हणून आले, भेटायला नाही. आजार, गोळी, नवा बदल, सगळं त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं, साहेबासमोर हजेरी द्यावी तसं. नानांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. शेवटी त्यांनी बाही वर करायला हात नेला, तर अंगात बनियनच. तोच उघडा हात पुढे धरून मला म्हणाले, "मन्हं रगत काढी ल्या भाऊ. कितलं बी काढा."

नानांचं रक्त पूर्ण जुळलं. त्या दिवशी अक्का लॅबमध्ये सगळ्यांना पेढे वाटत होत्या. मुंबईला पेशी घालायची तारीख दिवाळीनंतरची मिळाली. नाना दर सोमवारी धुळ्याहून अक्कांकडे यायला लागले. दोघं फारसं बोलत नसत. नाना कापूस किती आला, पाऊस किती झाला असं काहीबाही सांगत आणि संध्याकाळच्या बसने परत जात. अक्का मला म्हणाल्या, "आईचं अजून विचारलं नाही मी. मुंबईहून आल्यावर विचारीन."

दिवाळी दहा दिवसांवर असताना त्या नेहमीच्या तपासणीला आल्या. ताप होता, हिरड्यांतून रक्त येत होतं. मी स्लाइड लावली आणि मला कळलं. सगळीकडे मोठमोठ्या, कोवळ्या पेशी, ज्या रक्तात अशा दिसायलाच नकोत. आजार पुन्हा बदलला होता, आणि आता हळू चालत नव्हता. मागे पावलं वाजली.

"दाखव."

"बल्ब गेलाय, अक्का," मी म्हणालो आणि हाताने बटण बंद केलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर वेगळं काय ते हेरणारे डोळे होते ते. "बरं," म्हणाल्या. "बसव नवा." खांद्यावर हलकेच हात ठेवला आणि भिंतीच्या आधाराने बाहेर गेल्या. पुन्हा त्यांनी कधीच स्लाइड मागितली नाही. खरं सांगायला हवं होतं, एवढंच मला आजही वाटतं. एकटेपण त्यांनी निभावलं होतं. त्या दिवशी मी त्यात भर घातली.

मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, आजार आधी दबला पाहिजे, त्याशिवाय पेशी घालून उपयोग नाही. तो दबला नाही. तीन आठवड्यांत, एका दुपारी, जळगावच्या दवाखान्यात अक्का गेल्या. नाना जवळ होते. आईचं विचारायचं राहूनच गेलं.

महिनाभराने एका सोमवारी नाना लॅबमध्ये आले. पेशंटच्या बाकावर बसले. मी काम उरकून शेजारी बसलो.

"मन्हं रगत जुयनं व्हतं ना?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, हो, पूर्ण जुळलं होतं. पेशी कशा बदलत गेल्या, गोळी कशी हरली, हे मला जमेल तसं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ती चार महिने आधी उनी असती, तं वाचती का?"

"नाही, नाना," मी म्हणालो. "काही फरक पडला नसता." हे खरं होतं की नाही, मला माहीत नाही. कुणालाच सांगता येणार नाही.

त्यांनी मान डोलावली. जायला उठले, दारापर्यंत गेले आणि माझ्याकडे न वळताच म्हणाले, "आन मी आधी उनू असतू, तं?"

मग ते पायऱ्या उतरून गेले.